साहेबांची चिलटं

विहीणबाई वॉकर सरकवत न्हाणीघरात गेल्या, तसे साहेब लगबगीने त्यांच्या खोलीत शिरले. उशाशी टांगलेला पिवळा चिकट कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. त्यावर एक चिलटही अडकलं नव्हतं. साहेबांना रागच आला.

कागद घेऊन ते बैठकीच्या खोलीत आले. तिथे खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली त्यांची टोमॅटोची रोपं होती. कपांत लावलेली, फिकी, लांबुडकी, एकमेकांवर रेललेली. येता-जाता पाणी ओतायचं, एवढंच साहेबांचं बागकाम. मातीचा चिखल झाला होता, वर शेवाळ धरलं होतं, आणि कपाला जरा धक्का लागला की आतून चिलटांचा लोट उठायचा. तो अख्ख्या घराला दिसायचा, साहेबांना सोडून. रोपांवरचा चिकट कागद तर चिलटांनी काळा झाला होता. साहेबांनी तो ओढून काढला, कोरा कागद तिथे टांगला आणि काळा नेऊन विहीणबाईंच्या उशाशी लावला. ऑफिसात जन्मभर हेच केलं होतं. चूक आपली, मेमो कारकुनाला.

मग त्यांनी घराला हाक मारली. निवृत्त झाले तरी खुर्ची अंगातून गेली नव्हती. पोटच्या पोरानेही त्यांना साहेबच म्हणायचं, असा दंडक होता.

"बघा," साहेब कागदाकडे बोट दाखवत म्हणाले. "चिलटं कुठून येतात? इथून. आजाऱ्याच्या खोलीतून. तिकडे माझ्या रोपांवरचा कागद बघा, कसा स्वच्छ आहे. उद्या सकाळी यांना यांच्या घरी पोचवा."

विहीणबाई वॉकरला धरून दारात उभ्या होत्या. खुब्याचं हाड नुकतंच जोडलेलं. त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वर पाणी द्यायलाही कोणी नाही.

"आई जिना चढणार कशी?" सून म्हणाली.

मुलाने कागदाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं. "साहेब म्हणतायत तर... थोडे दिवस..." उंची बापाच्या रोपांसारखी, कणाही तसाच.

साहेबांच्या बायकोने चष्मा लावला. ती कागदापाशी जाऊन वाकून बघत राहिली. चिलटांच्या गर्दीत एक इवलंसं हिरवं पान चिकटलं होतं. तिने ते नखाने सोडवलं, बोटांत चुरडलं आणि हुंगलं.

"अहो, विहीणबाईंच्या उशाशी टोमॅटो कधी लावलेत?"

सुनेने झटकन वर पाहिलं. मुलाने मोबाइल खिशात घातला.

"वाऱ्याने आलं असेल उडून," साहेब म्हणाले.

रोपांना गारवा बाधतो म्हणून घरातली एकही खिडकी उघडायची नाही, हा साहेबांचाच हुकूम. आल्या दिवसापासून विहीणबाई जरा हवा मागत होत्या आणि साहेब नाही म्हणत होते.

"वाऱ्याने," बायको म्हणाली. इतकी वर्षं ती याच माणसाच्या हो ला हो करत आली होती. त्या होकाराची तिला आत्ता किळस आली. ती बैठकीच्या खोलीत गेली आणि रोपांमागची खिडकी तिने सताड उघडली.

पहिल्याच झुळकीला सगळी रोपं आडवी झाली. साहेब धावत आले आणि एकेक रोप बोटाने उभं करू लागले. बोट काढलं की ते पुन्हा पडत होतं. चिलटं त्यांच्या डोक्याभोवती घोंगावत होती.

बायकोने रोपांचा ट्रे उचलून जमिनीवर ठेवला आणि खिडकीशी खुर्ची ओढली.

"या, विहीणबाई, बसा," ती म्हणाली. "इथे वारा चांगला येतो."