मुंगीच्या मागे

"आई, थर्माकोल हलवू नकोस हं. कॅमेऱ्याचा आवाज येतोय तोवर हलायचंच नाही."

जास्वंदीच्या पलीकडे आई उकिडवी बसली होती, उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून. अलीकडे मी पालथी पडून खालच्या कळीवरच्या मुंगीला लेन्स जवळजवळ टेकवलेली. एवढ्या जवळून मिशा स्पष्ट आल्या की पोट धूसर होतं, म्हणून फोकस जरा जरा मागे सरकवत फोटो घेत गेले.

मग स्क्रीनवर पाहिले. मिशा, डोळे, पोट. शेवटच्या फोटोत फोकस मुंगीच्याही मागे गेला होता. तिथल्या ज्या तपकिरी पाचोळ्यावर मी मघापासून खूश होते, त्याला खवले होते. साखळीसारखे गोल ठिपके.

घोणस.

मान न हलवता नजर वर केली. आईच्या पावलापासून ती वीतभरही लांब नव्हती. सांगितलं असतं तर आई दचकून उठली असती. मी डोळा परत कॅमेऱ्याला लावला आणि नुसतं बटण दाबत राहिले. खटक. खटक. खटक.

वेटोळं सुटलं. आईच्या अंगठ्याला घासून घोणस सावकाश कुंपणाखाली गेली.

"आई..." मी बटणावरचं बोट काढलं. "झालं."

आता कुठे तिने थर्माकोल खाली ठेवला.

"तुझ्या कोपराला लागूनच आली गं ती," आई म्हणाली. "ओरडले असते, तर तू हात ओढला असतास."