चाळिसावा खण

मिरजोळ्याच्या आमच्या कारखान्यात कुठल्या मशीनवर कुठला जॉब चढवायचा आणि त्यासाठी कुठली टूल्स भरायची, हे रोज मी ठरवते. तीन नंबरच्या मशीनला टूल्स ठेवायचे चाळीस खण आहेत. आयत्या वेळी एखादं टूल घालावं लागलं तर अडायला नको, म्हणून शेवटचा खण मी रिकामा सोडते.

तो रिकामा राहत नाही.

गणपतीनंतर एका सकाळी त्यात आठ मिलिमीटरचं नवंकोरं ड्रिल होतं. “मी नाय हो ठेवलंय, मॅडम,” ऑपरेटर रूपेश म्हणाला. दुपारी नेमकं आठचंच ड्रिल मोडलं. स्टोअरमध्ये दुसरं नव्हतं. खणातल्या ड्रिलनेच ऑर्डर वेळेत गेली.

मग एकदा टॅप आला, मग रीमर. सकाळी खणात जे मिळे, मशीनवरचं नेमकं तेच टूल संध्याकाळपर्यंत मोडे. खंडेनवमीला झेंडूचं पहिलं फूल आम्ही त्या खणाला वाहिलं.

“त्याने दिलेलं कधी फुकट जात नाय,” रूपेश म्हणाला आणि त्याने हात जोडले. मीही जोडले. न मागता इतकं कोण देतं?

आज सकाळी खणात टूल नव्हतं. बँडेजच्या दोन पांढऱ्या गुंडाळ्या होत्या.

मी मेन स्विच बंद केला. सगळ्यांना मशीनपासून लांब, पिवळ्या पट्ट्याबाहेर उभं केलं. रूपेश आधी खणाकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे.

सवयीने मी नमस्कार केला. जोडलेले हात पटकन सोडवले.

त्याने दिलेलं आजवर एकदाही फुकट गेलेलं नव्हतं.