रविवारचा थेंब

पत्र टेबलावर उपडं ठेवलं होतं. सही झाली होती, फक्त तारीख घालायची बाकी होती. मॅडमनी काकांना साडेदहाला बोलावलं होतं आणि आता दहा पंचवीस झाले होते. काका कधी उशिरा येत नसत. हल्ली मॅडमना त्याचाही संशय येऊ लागला होता. इतका वेळेवर येणारा माणूस काहीतरी झाकत असणारच.

मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख; काका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने सहायक. बावीस वर्षं पेशींचं खाणंपिणं सांभाळण्यात गेलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बडतर्फीच्या त्या पत्रात मॅडमनी ‘विश्वासघात’ असा शब्द घातला होता. हा शब्द कपाळी लागलेल्या माणसाला पुढे कोणी दारात उभं करत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही त्यांनी तो खोडला नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. मूळपेशी म्हणजे आपण कोण व्हायचं हे अजून न ठरवलेली पेशी. शनिवारी अशा पेशी काचेच्या बश्यांमध्ये तयार असत. रविवारी त्यांना एका प्रथिनाचा एक थेंब द्यायचा, एकदाच. त्या प्रथिनाचे रेणू पेशीच्या अंगावरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. तिथून निरोप हातोहात आत केंद्रकापर्यंत पोचतो आणि गुंडाळून ठेवलेल्या डीएनएचा नेमका एक भाग उघडतो. किती जागा भरल्या, यावर कुठला भाग उघडायचा ते ठरतं. बेताच्या भरल्या तर पेशी हृदयाची होते. जास्त भरल्या तर यकृताच्या वाटेला लागते, आणि मग सहसा मागे फिरत नाही. सगळं नीट झालं तर दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बशी धडधडताना दिसे.

पाच खेपांपूर्वी ही धडधड जरा मंद निघाली. असं कधीमधी होतंच. पण मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या रविवारी नवऱ्याला वाचनालयात जाते असं सांगून त्या दुपारी चारला गुपचूप प्रयोगशाळेत आल्या. ओटा कोरडा ठणठणीत होता. कचऱ्याच्या डब्यात वापरलेला एक हातमोजासुद्धा नव्हता. म्हणजे काका फिरकलेच नव्हते. सोमवारी रजिस्टर उघडलं, तर रविवारच्या रकान्यात ‘थेंब दिला’ म्हणून काकांची खूण हजर.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारता आलं असतं. पण तो आणि काका रोज एकत्र चहा पीत, म्हणून तोही मॅडमच्या हिशेबी सामील होता. त्यांनी ब्र काढला नाही. त्याच रविवारी त्यांनी मोजून मापून स्वतः थेंब दिला होता, आणि पुढे दर रविवारी देत राहिल्या.

तरीही सलग चार खेपा वाया गेल्या. एकही बशी धडधडली नाही. सगळ्या पेशी यकृताकडे वळल्या होत्या.

मग तर मॅडमची खात्रीच पटली. रविवारचा थेंब आपण स्वतः देतो, तेव्हा चूक तिथे असूच शकत नाही. म्हणजे काका इतर दिवशी काहीतरी कालवत असणार, आणि तेही मुद्दाम. कोणासाठी, हेही त्यांनी ठरवून टाकलं. पुलापलीकडच्या प्रयोगशाळेत हेच काम चाललं होतं आणि काकांचा जावई तिथेच नोकरीला होता. आणखी काय पुरावा हवा?

बरोबर साडेदहाला काका आत आले. आल्या आल्या त्यांनी दार लावून घेतलं, ते मॅडमच्या नजरेतून सुटलं नाही. काकांच्या हातात चार छोट्या कुप्या आणि एक कागद होता. मलाही तुमच्याशी बोलायचंच होतं, म्हणाले. सोमवारी बश्यांमधलं जुनं पाणी काढतात, ते धडधड मंद निघाल्यापासून, म्हणजे गेल्या चार खेपा, त्यांनी फेकलं नव्हतं. जपून ठेवलं आणि आपल्याच इमारतीतल्या शेजारच्या विभागातून तपासून आणलं. प्रत्येक वेळी प्रथिन दुप्पट निघालं होतं.



“तुम्ही रविवारी येता?” त्यांनी विचारलं.

“सकाळी सातला. ओटा पुसून, कचरा खाली टाकून जातो, नाहीतर सोमवारी वास मारतो. रजिस्टर तुमच्या खोलीत कुलपात असतं, म्हणून खूण सोमवारी करतो.”

मॅडमनी तळहात हळूच त्या उपड्या पत्रावर ठेवला. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच. कोणीतरी दावा साधत असेल, त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. कागद उलगडून मॅडमसमोर सरकवला आणि चारही आकड्यांवरून बोट फिरवलं.

“बिघडवायचंच असतं तर हाताला येईल तेवढं ओतलं असतं. हे बघा, चारही वेळा बरोबर दुप्पट. जीव लावून घातलंय कोणीतरी.” मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. मॅडमकडे त्यांनी पाहिलं नाही. “इतकं नेमकं माप इथे दोघांनाच जमतं, मॅडम. आणि मी तर एकदाच घालतो.”