फाटकावरचा पास

यजमान हवाई दलाच्या पोलिसांत होते. लग्नानंतर महिन्याभरातच मी त्यांचा विसरलेला डबा घेऊन तळाच्या फाटकावर गेले, तर पहाऱ्यावर तेच. “पास दाखव.” पास घरीच राहिला होता. “अवं, मी तुमची बायको हाय!” “ते मला ठाऊक हाय. पास कुठं हाय?” सोबतचे जवान हसले. पासाशिवाय डबाही आत घेईनात, म्हणून मी डब्यासकट रडत परतले. ते दिवसभर उपाशी राहिले, पण नियम मोडला नाही. आज शिरूरच्या चर्चमध्ये शवपेटी बंद करण्याआधी दौंडहून आलेल्या लेकीनं त्यांची शिट्टी आणि पांढरा पट्टा आत ठेवला. माझा तो पिवळा पडलेला पासही ठेवू लागली. मी तिचा हात धरला. “असू दे ना, आई. आता कशाला लागतोय?” मी पास पदरात बांधला. “देवानं त्यांना फाटकावरच उभं केलं असंल. पासाशिवाय मला आत सोडायचे न्हाईत.”