ओटीभर आवळे

गोजाबाईच्या हिरड्यांतून इतकं रक्त यायचं की भाकरीचा घास लाल व्हायचा. सोलापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "विलायतेत नुकतंच सी जीवनसत्त्व सापडलंय बाई, तेच तुला कमी पडतंय. औषध नको. रोज आवळे खा, लिंबू खा. दात आपोआप घट्ट होतील."

स्वस्तात सुटलो म्हणत तिनं येताना मंगळवार बाजारातून ओटीभर आवळे घेतले. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या बजाबाईनं ते वाकून पाहिले.

"आवळे व्हय? नवरा मरून दोन वर्सं झाली की गं तुझा," बजाबाई म्हणाली, आणि तवा चुलीवर ठेवून आल्यागत लगबगीनं गल्लीत शिरली.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई पुन्हा दवाखान्यात हजर.



"आंबट नगं, डागदरसायेब. समदे दातच काढून टाका."