घुमटाखालची कुजबुज

“सावकाश चढा हो आई,” ती म्हणाली आणि स्वतःच भिंतीला हात टेकून थांबली.

सासूबाई वरच्या वळणावर पोचल्याही होत्या. कडेवर ढब्बू, म्हणजे तिचा लेक. नावाला जागणारा, चांगला वजनदार.

“मला काय सांगतेस? मागे कोण पडलंय बघ!” वरून आवाज आला. “आमचं तरुणपण तुम्हाला दिलं असतं, तर दोनदा वर जाऊन आला असतात.”

नवरा तिच्या पाठीशीच होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. “बस जरा पायरीवर.”

“मला काय झालंय? तू ढब्बूला घे त्यांच्याकडून. आज त्यांनी एवढं ओझं उचलायचं म्हणजे...”

“राहू दे गं तिच्याकडे.”

त्याचा आवाज कापला. खरंच होतं. नातू कडेवर घ्यायला आता उरलेत किती दिवस?

मध्यंतरी सासूबाईंना चक्कर आली म्हणून तिने त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथेही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ‘आलीच आहेस तर तूही रक्त तपासून घे, बाळंतपणापासून तोंड उतरलंय तुझं,’ म्हणत तिलाही सुईपुढे बसवलं. रिपोर्ट आणायला नवरा एकटाच गेला. संध्याकाळी तो तिला गॅलरीत सापडला, वाळत घातलेल्या टॉवेलात तोंड खुपसून रडताना. काय झालं, कुणाला झालं, तिने त्याला गदागदा हलवून विचारलं. त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. मग म्हणाला, “आईचं काही खरं नाही. पण तिला कळू द्यायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

तेव्हापासून घरात नाटक सुरू झालं. तिला नाटक कधी जमलं नव्हतं. सासूबाईंना चहा देताना ती त्यांची नजर चुकवायची. तिची स्वतःची आई तिला नीट आठवायच्या आतच गेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा तापाने फणफणली, तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली बाई ही. आता हीही जाणार. रोज कणीक मळता मळता ती रडून घ्यायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची.

सासूबाई मात्र एकाएकी नातवाच्या मागे लागल्या होत्या. त्याची अंघोळ त्यांनी आपल्याकडे घेतली, मग जेवण. पुढे त्याची गादीही आपल्या खोलीत नेली. पहिल्या रात्री तिला राग आला होता. दाराशी कान लावून ती कितीतरी वेळ उभी होती. मग त्या रागाचीच लाज वाटली. मरणाऱ्या माणसाशी कसली वाटणी करायची?

आणि हा घुमट. मावळतीच्या वेळी तो बघायला जगभरातून लोक येतात. कॉलेजात असताना त्याचा फोटो तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता. सासूबाईंना कधी देवळापलीकडे काही बघायची हौस नव्हती. पण परवा जेवताना अचानक म्हणाल्या, “मला तो घुमट बघायचाय. याच आठवड्यात.” नवऱ्याने तिथल्या तिथे रजा टाकली.

“चला, शेवटची मंडळी! सूर्य गेला की दार बंद!” खालून रखवालदार ओरडला.

वर पोचल्यावर तिघंही दाराशीच थांबली. घुमटाच्या आतून गोल सज्जा फिरला होता. पश्चिमेच्या झरोक्यांतून ऊन आत येत होतं आणि अख्खी भिंत तांब्यासारखी तापून लाल झाली होती. सासूबाईंनी एकदा वर पाहिलं आणि मग तिच्याकडेच बघत राहिल्या.

“आवडलं?” त्यांनी विचारलं.

“हे मी तुम्हाला विचारायचं ना, आई.”

“हो की.” त्या हसल्या. ढब्बू त्यांच्या खांद्यावर झोपला होता. “बरं, हा झोपेत दचकतो तेव्हा तू काय करतेस? उचलतेस की थोपटतेस?”

“आधी थोपटायचं. कानामागून हात फिरवायचा. उचललं की जागाच होतो.”

“आणि गुणगुणतेस ते काय?”

“त्याला शब्द नाहीत, नुसता सूर आहे. का हो, परीक्षेला बसताय?”

“बसतेच आहे. म्हण बघू.”

तिने सूर धरला. मध्येच ती खोकल्याचं निमित्त करून थांबली. सासूबाईंनी झोपलेलं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. “बस इथे, दम खा. आम्ही मायलेक फेरी मारून येतो.”

ती दोघं सज्जाच्या पार पलीकडे जाऊन उभी राहिली. एवढीशी दिसत होती. नवऱ्याने कपाळ भिंतीला टेकलं. त्याचे खांदे हलत होते. हा आता सगळं बोलून बसणार!

रखवालदार सगळ्यांना खाली पिटाळत तिच्यापाशी आला. “ताई, गंमत बघितलीत का? भिंतीला कान लावा. पलीकडे कुणी हळूच बोललं, तरी इथे कानात बोलल्यासारखं येतं.”

ढब्बूला छातीशी धरून तिने कान भिंतीला लावला. दगड अजून उबदार होता.

“गप. डोळे पूस आधी,” सासूबाई अगदी तिच्या कानाशी बोलल्या. “मला काही धाड भरलेली नाही एवढं जरी तिला कळलं, तरी दुखणं कुणाचं आहे ते ती ओळखेल.”