वाळूच्या पिशव्या काढल्यावर

डोंगरावर निघायच्या आदल्या दिवशी नवराबायको सॅक घ्यायला दुकानात आले. ओझ्याचा अंदाज यावा म्हणून दुकानदाराने सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, बायकोला ती पाठीवर घेऊन फिरायला लावलं आणि मग पिशव्या काढून घेतल्या.

“काका, एखादी आत राहिलीय. खांदे ओढताहेत.”

“सगळ्या या टेबलावर आहेत की, ताई!”

“रिकाम्या सॅकनेच घाम फुटला, आणि म्हणे डोंगर चढणार!” नवरा हसला. तिच्यामागे जाऊन त्याने सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घातला.

त्याचं हसू थांबलं.

“उतरव ना रे ही. मला श्वास घेता येत नाहीये.”

“अगं, चेष्टा पुरे. आधी माझा हात सोड.”

तिचे दोन्ही हात समोर, छातीवरच्या पट्ट्या ओढत होते.